खोल खणून कातळापर्यंत

शास्त्रपाठ : लूक ६ : ४६-४९, यशया २८ : १६, कलस्सै २ : ६-७.



गेल्या वर्षीं उरणच्या बाजूस एका घरगुती प्रार्थनासभेस जाण्याचा योग मला आला. उपासना आटोपली, चहा झाला, मंडळी पांगली, आणि घरांतील वृद्ध आजी माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या सासरचें कुटुंब मूळचें तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील. पोटापाण्यासाठीं दोन पिढ्यांपूर्वीं समुद्रकांठीं आलेलें. आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक विचारूं का? आमच्या घरांत पहिला बाप्तिस्मा झाला तो दुष्काळांत. लोक म्हणतात, हे धान्यासाठीं ख्रिस्ती झाले. आणि खोटं तरी कसं म्हणूं? आमचीं वडील माणसंही तेंच सांगत आलीं. मग आमचं घर वाळूवरच बांधलेलं कीं काय? आतां ह्या वयांत पाडून पुन्हां कसं बांधायचं?"

त्या रात्रीं मला ह्याचें उत्तर देतां आलें नाहीं. प्रभूची दया मोठी आहे, एवढें म्हणून मीं प्रार्थना केली व निघालों. परंतु वाटेंत मन स्वस्थ बसेना, कारण हा प्रश्न एकट्या आजींचा नव्हे. १८७६ ते १८७८ आणि १८९९ ते १९०० ह्या दोन मोठ्या दुष्काळांच्या मागेंपुढें आपल्या महाराष्ट्रांत पुष्कळ कुटुंबें मंडळींत आलीं. त्यांतील कित्येकांच्या कानीं प्रभूचें नांव प्रथम पडलें तें अन्न वांटणाऱ्याच्या दारीं. त्यांच्या नातवां-पणतवांस गांवांत टोमणे ऐकावे लागतात. आणि त्याहून वाईट हें कीं, रात्रीं अंथरुणावर पडल्यावर त्यांचें स्वतःचें मन त्यांस तोच टोमणा मारतें. कोणी मिशनच्या दवाखान्यांत आई बरी झाली म्हणून आला, कोणी मुलांच्या शाळेसाठीं आला, कोणी थोरला भाऊ आला म्हणून त्याच्यामागें आला. पाये उकरून पाहूं लागलें तर आपल्यापैकीं किती जणांचे निर्मळ निघतील? माझा निघेल असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं.

आतां प्रभूचा दृष्टांत पाहा. आपण तो बहुधा मत्तयाच्या शुभवर्तमानांतून शिकलेलों असतों : एक घर खडकावर, दुसरें वाळूवर. लूकानें तोच दृष्टांत सांगतांना एक गोष्ट अधिक लिहिली आहे, आणि ती आपल्या ध्यानांत सहसा राहत नाहीं. त्याच्या सांगण्याप्रमाणें पहिला मनुष्य खणीत खोल गेला आणि मग त्यानें खडकावर पाया घातला. दुसऱ्यानें मातीवरच, पायावांचून, घर उभें केलें. येथें वाळूचें नांव नाहीं. वरून पाहणाऱ्यास दोघांचीही जमीन मातीचीच दिसत असावी. पहिल्याच्या अंगणांत खडक उघडा पडलेला असता तर खोल जाण्याचें कारण काय होतें? आणि दुसऱ्याच्या मातीखालीं खडक नव्हता, असें लूक कोठेंही म्हणत नाहीं. मला तर वाटतें कीं तो तेथेंही होता. मधें माती होती, आणि ती काढण्याचा कंटाळा होता.

आपल्या किनाऱ्यावरील लोकांस हें समजावून सांगण्यास पंडित नको. पेण-अलिबागच्या खारेपाटांत किंवा पनवेल-उरणच्या खाड्यांच्या कडेनें पाय टाकला कीं तो रुततो. उधाणाच्या भरतीस बांधाला खांड पडली तर सगळें गांव घमेलीं घेऊन धांवतें. अशा गाळावर जड भिंत घातली तर ती सरळ राहत नाहीं, हळूहळू एका कुशीवर होते. पण त्या गाळाच्या खालीं मुरूम आहे, आणि मुरुमाखालीं सह्याद्रीचाच काळा कातळ आहे. जो रायगडाच्या माथ्यावर उन्हांत तापतो, त्याचाच भाऊ न्हावा-शेव्याच्या चिखलाखालीं अंधारांत पडून आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं ज्याचें उद्घाटन झालें तो शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू सुमारें २१.८ किलोमीटर लांब आहे, आणि त्यांपैकीं सुमारें साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातो. त्यावरून जाणाऱ्यास पाणी दिसतें, आकाश दिसतें, हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतात. ज्याच्या आधारानें तो उभा आहे तें मात्र कोणासच दिसत नाहीं : गाळांतून आरपार जाऊन खालच्या खडकांत शिरलेले खांब.

कामावरचे लोक अशा खांबास 'पाइल' म्हणतात. तो कसा घालतात हें प्रत्येक उपदेशकानें एकदां जवळ उभें राहून पाहावें. वर्षभराच्या उपदेशांचें सामान तेथें मिळेल. प्रथम लोखंडाची रुंद नळी गाळांत उभी उतरवितात, म्हणजे वरचा चिखल आंत कोसळत नाहीं. मग मोठ्या गिरमिटानें भोंक खोल करीत नेतात. त्यांत बेंटोनाइट नांवाच्या बारीक मातीचें दाटसर पाणी भरलेलें असतें. त्याच्या दाबानें भोंकाच्या बाजू सांवरून राहतात. खडक लागला म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्याच्या नुसत्या पाठीवर टेकून भागत नाहीं, आंत कांहीं अंतर शिरावें लागतें. नंतर तळ धुतात. ह्या एका कामांत आळस झाला तर पुढचें सर्व व्यर्थ. भोंक शंभर फूट खोल असो. तळाशीं वीतभर गाळ राहिला तर खांब कातळावर नव्हे, त्या गाळावर उभा राहतो. तळ स्वच्छ झाला म्हणजे सळ्यांचा पिंजरा खालीं सोडतात, आणि तळापर्यंत पोंचणाऱ्या दुसऱ्या नळीनें काँक्रीट भरतात. तें खालून वर चढत येतें आणि गढूळ पाण्यास आपल्यापुढें ढकलीत बाहेर काढतें. नळी घाईनें वर ओढली तर मध्येंच चिखल शिरतो व खांब त्या जागीं बारीक होतो. वरून कांहीं कळत नाहीं. म्हणून पुढें त्याच्या माथ्यावर लहान हातोडीनें ठोका मारून, यंत्रानें त्याचा प्रतिध्वनि तपासतात.

उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्म्यापूर्वीं आपण जें शिक्षण देतों त्यांत कोठपर्यंत खणतों? दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना व मतांगीकार पाठ झाला कीं खडक लागला असें समजून आपण नळी वर ओढतों. वार्षिक अहवालांत संख्या जाते. पण त्या मनुष्यानें भावाच्या शेताचा बांध कोरला आहे कीं नाहीं, उसने आणलेले पैसे बुडविले आहेत कीं नाहीं, हें आपण विचारलें काय? जक्कयाच्या घरीं प्रभू जेवावयास बसला तेव्हां जक्कयानें स्तोत्र म्हणून दाखविलें नाहीं. त्यानें हिशेब काढला. तळ धुणें तें हें.

असो. हें नव्या बांधकामाविषयीं झालें. आजींचा प्रश्न उभ्या घराचा होता. त्याचें उत्तर मला कांहीं महिन्यांनीं खाडीकांठच्या एका गांवीं, एका जुन्या दगडी शाळेच्या पडवींत मिळालें. त्या शाळेच्या भिंतीस जोत्यापासून वाशांपर्यंत तिरका तडा गेला होता. दर उन्हाळ्यांत तो सिमेंटनें बुजवीत व वरून चुना देत. दर पावसाळ्यानंतर तो पुन्हां तोंड उघडी. आपणही नाताळापूर्वीं प्रार्थनामंदिरास चुना देतोंच. यहेज्केल संदेष्ट्यानें तेराव्या अध्यायांत अशाच कच्च्या भिंतीस सफेती देणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे. कामावरील मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, तडा भिंतीला दिसतो, पण दुखणं खालीं आहे." त्यानें तड्यावर काचेची एक पट्टी आडवी चिकटविली होती आणि तिच्यावर तारीख लिहिली होती. काच फुटली तर समजावें कीं पाया अजून हलतो आहे.

मीं विचारलें, "म्हणजे भिंत पाडावी लागणार?" तो हंसला. त्याचे लोक जुन्या पायांतूनच वीतभर रुंदीचीं भोंकें तिरपीं खालीं पाडीत होते. कांहीं भिंतीच्या ह्या बाजूनें, कांहीं त्या बाजूनें. प्रत्येक भोंक गाळ ओलांडून कातळांत नेत, त्यांत लोखंडी सळई सोडीत, आणि सिमेंटचें पातळ मिश्रण दाबानें भरीत. तें घट्ट झालें कीं वर जुन्या पायाच्या दगडांस धरी व खालीं कातळास. भिंत जशीच्या तशी उभी होती. छप्पर उतरविलें नव्हतें. मागच्या खोलींत मुलांचे पाढे चालले होते, आणि यंत्राच्या घरघरीपेक्षां त्यांचाच आवाज मोठा होता.

ही रीत इटलींत फर्नांडो लिझ्झी नांवाच्या अभियंत्यानें १९५२ सालीं काढली. महायुद्धांत खिळखिळ्या झालेल्या जुन्या इमारती न पाडतां सांवराव्या, हा तिचा हेतु. जमिनींत तिरपे पसरणारे ते बारीक खांब झाडाच्या मुळांसारखे दिसतात म्हणून त्यानें त्यांस नांवही मुळांचेंच दिलें. हें वाचलें तेव्हां मला पौलाचें स्मरण झालें. कलस्सैकरांस लिहितांना त्यानें ख्रिस्तांत मुळावणें आणि ख्रिस्तावर रचलें जाणें हीं दोन्ही एकाच वाक्यांत आणिलीं आहेत. झाड तें झाड आणि घर तें घर, ह्यांची अशी सरमिसळ कां, असें मला विद्यार्थिदशेंत वाटत असे. आतां वाटत नाहीं. आणि तें पत्र त्यानें नवीन लोकांस लिहिलें नव्हतें. ज्यांनीं ख्रिस्तास आधींच स्वीकारलें होतें, ज्यांचें घर उभें होतें, त्यांस लिहिलें होतें.

दुष्काळाच्या टोमण्याविषयींही शास्त्र मुकें नाहीं. याकोबाचे पुत्र मिसर देशांत कशासाठीं गेले? धान्यासाठीं. त्यांच्या मनांत दुसरा कोणताच हेतु नव्हता. रिकाम्या गोण्या घेऊन गेले, आणि तेथें ज्यास त्यांनीं विकून टाकलें होतें तो भाऊ त्यांस भेटला. योहानाच्या सहाव्या अध्यायांत पांच हजार लोक भाकरी खाऊन तृप्त झाले, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां शोधीत आले. प्रभूनें त्यांस तोंडावर सांगितलें कीं तुम्ही पोट भरलें म्हणून आलां आहां. त्यानें गोष्ट झांकली नाहीं. पण दिलेली भाकरी परतही मागितली नाहीं; तो त्याहून खोल असलेल्या भाकरीविषयीं बोलूं लागला. तें खणणें पुष्कळांस सोसलें नाहीं व ते निघून गेले. बारा राहिले. तीच भाकरी त्या बारांच्याही हातांतून गेली होती. परंतु पेत्रास आतां दुसरीकडे जाण्यास जागाच दिसेना.

येथें उपदेशकांस एक इशारा देणें मला अवश्य वाटतें. पाया बळकट करण्याची दुसरी एक रीत आहे. जमिनींत भोंकें पाडून सिमेंटचें मिश्रण दाबानें मातींतच भरतात, म्हणजे सुटी माती सांधली जाते. ह्यास 'ग्राउटिंग' म्हणतात. रेतींत, गोट्यांत, फुटलेल्या खडकाच्या भेगांत ही रीत उत्तम चालते. पण खाडीच्या चिकट गाळांत साधें सिमेंट शिरत नाहीं, कारण सिमेंटचा कण गाळाच्या छिद्रांहून मोठा असतो. तेथें दाब वाढविला तर माती बळकट होत नाहीं. ती फाटते, वरची फरशी उचलली जाते, आणि सिमेंट भलतीकडेच वाट काढतें. इटलींतील पीसा शहरचा कललेला मनोरा आपण चित्रांत पाहिला असेल. १९३४ सालीं त्याच्या पायांत शेंकडों भोंकें पाडून सिमेंट भरलें, आणि मनोरा सांवरण्याऐवजीं अधिकच कलला. पुढें १९९९ ते २००१ ह्या काळांत विद्वानांनीं उलट उपाय केला : ज्या बाजूस तो कलला होता तिकडे कांहींच न भरतां, उंच राहिलेल्या बाजूच्या खालची माती थोडथोडी काढून घेतली. मनोरा थोडा मागें आला व स्थिर झाला.

आपल्या मंडळ्यांतही हें घडतें. कोणी दुबळा भाऊ कलूं लागला कीं आपण त्याच्यावर वचनांचा मारा करतों, सभेंत नांव घेऊन प्रार्थना करतों, घरीं जाऊन दाब देतों. माणूस कोणत्या मातीचा आहे हें कोणी पाहत नाहीं. आणि कित्येकदां त्याच्या कलण्याचें कारण मंडळींतील उंच बाजू असते, म्हणजे पुढच्या बांकावर बसणारे आपणच असतों. आपल्या पायाखालची थोडी माती निघाली तर तो सरळ होईल.

इंग्लंडांतील विंचेस्टर येथील जुनें मोठें प्रार्थनामंदिर दलदलीच्या मातीवर खचूं लागलें, तेव्हां १९०६ ते १९११ पर्यंत विल्यम वॉकर नांवाचा पाणबुड्या त्याच्या पायाखालीं उतरून काम करीत असे. खड्ड्यांत पाणी भरे, आणि तें इतकें गढूळ कीं डोळे असून नसल्यासारखेच; सर्व काम हातानें चांचपून. त्या अंधारांत त्यानें काँक्रीटचीं २५,००० हून अधिक पोतीं एकामागून एक भिंतींच्या खालीं रचलीं. दूरच्या वाडीवर दोन घरांसाठीं आठवड्यास चार कोस चालणाऱ्या आपल्या उपदेशकांचें काम मला ह्याच जातीचें वाटतें. भिंत सांवरली जाते. पोतें दिसत नाहीं.

चिखलाविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाळांत खांब घातल्यावर वर नवा भराव टाकला तर गाळ दबत खालीं जातो, आणि जातांना खांबास धरून त्यासही खालीं ओढतो. जी माती त्यास कवटाळून आधार देते असें वाटत होतें, तीच त्याच्यावर भार होते. भाऊबंदांत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसास हें सांगावें लागत नाहीं. लग्नसराई आली, जत्रा आली, म्हातारा चुलता आजारी पडला व भगताकडे जाण्याचा आग्रह झाला, कीं जीं माणसें आपल्यावर खरें प्रेम करतात तींच खालीं ओढतात. तेव्हां काय त्यांस तोडावें? खांब गाळास हांकलून देऊं शकत नाहीं, आणि त्यानें तसें करूंही नये. अभियंता एवढेंच करतो कीं हा ओढा आधींच हिशेबांत धरून खांब कातळांत पुरेसा खोल नेतो.

खांब किती भार सोसेल हें अनुमानावर सोडीत नाहींत. कामाच्या आरंभीं एक खांब केवळ परीक्षेसाठीं घालतात आणि त्याच्यावर अपेक्षित भाराच्या अडीचपट भार घालून पाहतात. जे खांब पुढें इमारत वाहणार त्यांतल्या निवडकांवर दीडपटच घालतात, कारण त्यांस मोडावयाचें नसतें. यशयानें सियोनेंत घातलेल्या पायाच्या धोंड्याविषयीं लिहितांना तो पारखलेला आहे असें म्हटलें आहे. आपल्यापैकीं कोणावर येणार नाहीं एवढा भार गेथशेमानेंत व वधस्तंभावर ज्याच्यावर आला, त्यावरून आपल्यासाठीं हिशेब ठरला. आपली परीक्षा होते ती मोजून.

कोणी विचारील कीं मग पंथांच्या भेदांचें काय? आपल्या किनाऱ्यावर दोन किल्ले आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटाचे चिरे चुन्यावांचून नुसते एकमेकांवर बसविले आहेत. लाटेचें पाणी फटींत शिरतें आणि तिचा जोर ओसरतो. मुरुडच्या समुद्रांतील पद्मदुर्गाचे दगड खाऱ्या वाऱ्यानें झिजून गेले, पण त्यांमधला चुना अजून पुढें आलेला दिसतो. बांधण्याच्या रीती अगदीं उलट. दोन्ही शिवाजीमहाराजांच्या काळच्या, आणि दोन्ही कातळावर. बुडवून कीं शिंपडून, ह्या वादांत मी यापलीकडे बोलणार नाहीं.

परंतु वेळेविषयीं बोलणें भाग आहे. लूकाच्या दृष्टांतांत पूर येतो तो नदीचा. आपल्याच जिल्ह्यांत महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालचा कमानींचा दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं तो पुरांत वाहून गेला, आणि अंधारांत दोन एसटी गाड्या माणसांसह नदींत गेल्या. त्या दिवशीं सायंकाळपर्यंत त्यावरून लोक नेहमींप्रमाणें जात होते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजीं खुला केला. गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. खणण्याचें काम उघाडींत करावयाचें असतें. पाणी चढल्यावर गिरमिट लावतां येत नाहीं.

पाऊस सरल्यावर मी पुन्हां उरणकडे गेलों व आजींस त्या शाळेची सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि विचारलें, "म्हणजे पाडायचं नाहीं ना, पाळकसाहेब?" मीं म्हटलें, "नाहीं, आजी. खणायचं." त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं धाकट्या जावेचें नांव घेतलें. एका घराच्या वांटणीवरून दोघी बावीस वर्षें बोलल्या नव्हत्या, आणि तेवढीं वर्षें आजी प्रभुभोजनास बसतांना तें मनांत दाबून ठेवीत आल्या होत्या. त्यांनीं नातवास हांक मारली व जावेला फोन लावावयास सांगितलें. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि कोणी उचलीपर्यंत आजींनीं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.